खांदेमळण

गावाच्या पाटीवर दोनच आकडे:
माणसं अकराशे चार, उंची सात हजार दोनशे फूट.
नऊ वर्षांत यातली निम्मी माणसं
मी आतून पाहिली आहेत.
दवाखान्यात एक्स-रे काढते मी.
चेहरे विसरते. हाडं नाही.

रोडिओला मात्र आज पहिल्यांदा आले.
रिसेप्शनवरची लोरेटा म्हणाली,
आपलं गिऱ्हाईक तयार कुठं होतं
ते तरी बघ एकदा.

लाकडी फळ्यांवर बसलो. समोर लोखंडी फाटकं,
त्यांच्या मागे वायोमिंगचे उघडे डोंगर,
ऑगस्ट लागला तरी घळीत बर्फाची एक चिंधी.
शेणाचा वास आला
आणि मला, खरं सांगते, भूक लागली.

आधी लहान मुलं.
हेल्मेट घालून मेंढ्यांवर पालथी, लोकरीत बोटं रुतवून.
पाच वर्षांची एक चार ढांगांत घरंगळली,
तोंडातली माती थुंकली आणि विचारलं,
मेंढीला लागलं का?
तिचं मनगट जानेवारीतलं. छान जुळलंय.

मग वासरांमागे दोर फेकणारे.
मानेला हिसका बसून वासरू उलटं पडलं
तेव्हा मी डोंगराकडे पाहत राहिले.
लोरेटा चिप्स खात होती.

मग कर्ण्यावर नाव आलं: वेड टॉलिव्हर.
फॉर्मवर पहिल्यांदा वाचलं तेव्हा
मनातल्या मनात ते देवनागरीत लिहून पाहिलं
आणि अंधाऱ्या खोलीत एकटीच हसले होते.
का, ते लोरेटाला कसं सांगणार?

वेडचा उजवा खांदा मला पाठ आहे.
एक पट्टी, सहा स्क्रू,
कॉलरबोन कुणीतरी वाकडा खिळा ठोकून
सरळ करायचा कंटाळा केल्यासारखं.
डॉक्टर म्हणाले होते, आता पुन्हा नको.
यस सर, म्हणाला होता तो,
डाव्या हाताने शर्टाची बटणं लावत.

बैलाचं नाव पॅनकेक.
फाटक उघडलं.

दिवसातून चाळीस वेळा मी म्हणते,
श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका.
आता सगळं मैदान श्वास धरून बसलेलं
आणि हलतोय तो एकटा,
एक हात दोरीत, एक हात हवेत,
त्या हाताला जणू दुसरीकडेच कुठे जायचंय.
आठ सेकंद टिकायचं असतं.
श्वास सोडा म्हणणारं इथं कुणी नाही.
पाच,
सहा,
जमीन.

रंगवलेल्या तोंडाचा विदूषक मध्ये धावला,
बैल त्याच्यामागे वळला.
वेड उठला. टोपी उचलली. डाव्या हाताने.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोरेटाने शिट्टी मारली.
मी कोनाचा अंदाज घेत होते.

अंधार पडताना गोठ्यांच्या बाजूने गाडीकडे निघाले.
कुंपणाला टेकून तो उभा होता, खांद्यावर बर्फाची पिशवी,
आणि गजांतून हात घालून
पॅनकेकचा खांदा खाजवत होता.
बैल शांत, रवंथ करणारा, कुणाला कधी पाडलंच नाही असा.

काटोलला श्रावणकाका पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी
पळसाच्या पानाने बैलांच्या खांद्यांवर तूप-हळद चोळत,
जुवाने वर्षभर घट्टे पाडलेल्या जागी,
सावकाश,
आणि कानाशी वाकून सांगत,
आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.
बैलाने कान हलवला की म्हणत, हो म्हणाला.
घरात तोवर पुरणाची डाळ भिजत पडलेली असे.

वेडने मला ओळखलं.
सोमवारी येऊ का, मॅम?
साडेआठला, म्हटलं.
उपाशीपोटी?
नाही रे बाबा, म्हटलं, म्हणजे इंग्रजीत म्हटलं,
पण रे बाबा मनात होतंच,
जेवून ये.

पॅनकेकने कान हलवला.
माशी असेल.